हातागायातला वन्स मोअर

हातागाया स्टेशनपासून चार मिनिटांवर, एका इमारतीच्या तळघरात, निळं कामगारी जॅकेट घातलेला एक पोरगा माइकवर जपानीत काहीतरी म्हणत होता. इतक्या वेगाने, की या शहरात चौदा वर्षं काढूनही मला तीन शब्दांतला जेमतेम एक कळत होता. एक कडवं असं काही जमलं की डीजेने फिरती तबकडी हाताने मागे खेचली, संगीत किंचाळून थांबलं, तीसेक माणसांनी भिंतीवर थापा मारल्या आणि तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. माझ्या तोंडून निघून गेलं, "वन्स मोअर!" मला तिथे घेऊन गेलेल्या सहकाऱ्याने विचारलं, हा कुठल्या भाषेतला शब्द? मी म्हटलं, मराठी. खोटं बोललो असं मला अजूनही वाटत नाही.

ते संगीत म्हणजे ग्राइम. 2000 नंतरच्या दोन-तीन वर्षांत पूर्व लंडनमध्ये, बो आणि आसपासच्या सरकारी वसाहतींत जन्मलेलं. मिनिटाला साधारण 140 ठोके, खाली पोटात घुमणारा बेस, वर बंदुकीसारखं सुटणारं बोलणं. उंच इमारतींच्या गच्चीवर चोरून अँटेना लावायची आणि बिनपरवाना रेडिओवरून हे वाजवायचं, अशी सुरुवात. 2003 मध्ये डिझी रास्कल या अठरा वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच अल्बमला मर्क्युरी, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम ब्रिटिश अल्बमचा पुरस्कार मिळाला आणि बाकीच्या ब्रिटनला कळलं की आपल्या राजधानीत हे चाललंय.

आता गंमत बघा. ग्राइमचा तो थंडगार, पोकळ, बर्फावर काठी आपटल्यासारखा आवाज वायली या माणसाने रुजवला. त्याच्या चालींची नावंसुद्धा 'एस्किमो', 'इग्लू' अशी. तो आवाज निघाला कोर्ग कंपनीच्या ट्रायटन या कीबोर्डातून, आणि कोर्गचं मुख्यालय टोकियोतल्या इनागीत. ज्या पोरांकडे कीबोर्ड नव्हता त्यांच्यातल्या कित्येकांनी सोनीच्या प्लेस्टेशनवर, एका संगीताच्या गेममध्ये पहिले ताल रचले. 'स्ट्रीट फायटर' या ओसाकाच्या गेममधले आवाजही ग्राइमच्या गाण्यांत आहेत. पुढे लंडनच्याच स्केप्टा या ग्राइमवाल्याने 2016 मध्ये आपल्या अल्बमचं नावच 'कोन्निचिवा' ठेवलं आणि त्यालाही मर्क्युरी मिळाला. म्हणजे हातागायाच्या तळघरात जे ऐकू येत होतं ते परदेशी म्हणावं तर यंत्रं इथलीच, आणि इथलं म्हणावं तर त्यातला एकही नियम इथे ठरलेला नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे चिपळूणच्या शाळेतल्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप. 2024 च्या पावसाळ्यात क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' एका डच कंपनीकडून आलं. मराठी शब्द, हाउस या क्लबातल्या नाचाच्या संगीताचा ताल, आणि महिनाभर प्रत्येक रीलमध्ये तेच. तेव्हापासून ग्रुपवर एक वाद धुमसतोय. एका बाजूला "हे मराठी नव्हे, भाषेची विटंबना", दुसऱ्या बाजूला "चला, निदान पोरं मराठी ऐकतायत". मग ऑक्टोबरात अभिजात दर्जा आला, 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा घोळ झाला, आणि दर वेळी तोच वाद नव्या कपड्यांत परत आला. मला दोन्ही बाजू पटत नाहीत. पहिलीला मराठी काचेच्या कपाटात हवी आहे. दुसरीला मराठी चालते, पण "निदान" या शब्दासकट.

हा वाद जपान्यांनीही घातलाय, आपल्याहून जास्त तावातावाने. 1970 च्या सुमाराला इथे रॉक जपानीत गाता येतं का यावर मासिकांतून भांडणं झाली. रॉक गायक उचिदा युया यांच्यासारखे लोक म्हणत, रॉक गायचं तर इंग्रजीतच. हॅपी एंड या बँडने जपानीत गाऊन दाखवलं आणि 1971 नंतर तो मुद्दा हळूहळू विरून गेला. नव्वदीत रॅप आलं तेव्हा पुन्हा तेच: जपानीत यमक जुळेल का? अडचण खरी होती. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणजे प्रत्येक ओळ 'देसु' नाहीतर 'मासु'वर संपणार. ऐकून कंटाळा येणार.

इथे माझे कान टवकारले, कारण हे तर आपलंच दुखणं! आहे, नाही, केलं, गेलं. शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या स्वरचित कविता आठवा. जपानी रॅपरांनी दोन युक्त्या काढल्या. वाक्य क्रियापदाआधीच, नामावर तोडायचं, आणि व्यंजनं सोडून नुसते स्वर जुळवायचे. आपल्या हिशोबाने 'खिडकी'ला 'फिरकी' तर चालेलच, पण 'चिमणी' आणि 'गिरणी'सुद्धा चालेल, कारण इ-ई, इ-ई. आपले यमकाचे मास्तर याला नापास करतील. पण 140 च्या वेगात कानाला ते पक्कं जुळतं, मी करून पाहिलंय.

पाकिन, ऑनजूसी, डफ ही इथल्या ग्राइमवाल्यांतली काही नावं. योकोहामाचा राल्फ डबल क्लॅपर्झ या जोडीच्या तालांवर गातो, आणि त्याचा खर्जातला आवाज ऐकला की जपानी म्हणजे नाजूक, वाकून बोलायची भाषा हा आपला समज पाच सेकंदांत उडतो. या मंडळींनी एक गोष्ट केली जी मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी ग्राइम 'जपानी करून' घेतलं नाही. त्यात कोतो हे इथलं पारंपरिक तंतुवाद्य घातलं नाही की फुजी पर्वत आणला नाही. लंडनचा नियम तसाच ठेवला, वेग तोच, डीजेने तबकडी मागे ओढायची रीत तीच, आणि त्या साच्यातून आपली भाषा काढली. वाकायला भाषेला लावलं. भाषा मोडली नाही.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. बाहेरचं काही घेतलं की लगेच त्याला फेटा बांधायचा, मागे तुतारी वाजवायची. मग ते आपलं झालं असं सर्टिफिकेट मिळतं.

आणि ज्याला खरंच आपलं म्हणता येईल तिकडे बघायचं नाही. ग्राइमचा जीव आहे क्लॅशमध्ये, म्हणजे दोन एमसी, माइकवर शब्द फेकणारे, समोरासमोर आणि शब्दांनी एकमेकांची सालटी काढणं. 2004 मध्ये जॅमर या निर्मात्याच्या आईवडिलांच्या घराच्या तळघरात वायली आणि केनोचा असा सामना झाला, त्याच्या डीव्हीडी निघाल्या आणि त्या पंथाच्या पोथ्या झाल्या. मी ते पाहिलं आणि मला थेट शक्ती-तुरा दिसला. आमच्या रत्नागिरीत एक शाहीर शक्तीवाला, दुसरा तुरेवाला. मृदंग, झांज, चाळ बांधलेली पोरं, आणि रात्रभर सवाल, जवाब, टोमणे. मुंबईत परळच्या दामोदर हॉलबाहेर 'जंगी सामना' अशी पाटी लागायची आणि चाकरमानी तिकीट काढून जायचे. माझे काका जायचे. गावाकडून आलेली, दहा बाय दहाच्या खोलीत सहाजण राहणारी माणसं. लंडनच्या वसाहतीतली पोरं त्यांना दोन मिनिटांत ओळखतील. आमच्या ग्रुपवरच्या संस्कृतिरक्षकांपैकी किती जण शक्ती-तुऱ्याला गेलेत, हे मी एकदा विचारलं होतं. दोन अंगठे आले, दोन्ही विषयाशी संबंध नसलेल्या मेसेजला.

ग्रुपवरच्या एका मित्राचा एक मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. तो म्हणाला, "अरे, जपान्यांना परवडतं. त्यांची शाळा जपानीत, कोर्ट जपानीत, डॉक्टर जपानीत. त्यांनी वाट्टेल ते खेळ करावेत. आपलं घर गळतंय." खरं आहे. माझ्या ऑफिसात कोडमधल्या टिपासुद्धा जपानीत असतात. भाषेच्या पोटाची सोय झालेली असली की ती गंमतजंमत करू शकते. पण मग तळमळ शाळेसाठी असू दे, पाटीसाठी असू दे. त्याचा राग रॅप करणाऱ्या पोरावर कशाला?

दुसरी शंका माझी स्वतःची. ग्राइममध्ये राग असतो, आणि लंडनमध्ये त्या रागामागे काहीतरी होतं. तिथल्या पोलिसांचा 696 नंबरचा एक फॉर्म होता, कार्यक्रमाआधी भरायचा. त्यात कुठलं संगीत वाजणार आणि सुरुवातीला तर कुठल्या वंशाचे लोक येणार हेही विचारलेलं असायचं. 2017 मध्ये तो रद्द झाला. टोकियोच्या पोराला हे काय माहीत? सहकाऱ्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, आम्हाला नाचायचीच बंदी होती. 1948 चा कायदा: परवाना असला तरी मध्यरात्रीनंतर गिऱ्हाइकांना नाचू द्यायचं नाही. बरीच वर्षं कुणी फिकीर केली नाही. 2010 मध्ये ओसाकात क्लबमधल्या भांडणात एक विद्यार्थी मेला आणि धाडी सुरू झाल्या. 'नून' क्लबच्या मालकावर खटला झाला, तो सुटला. दीड लाखाहून जास्त सह्या जमल्या, 2015 मध्ये कायदा बदलला आणि जून 2016 पासून रात्रभर नाचता येऊ लागलं. एक अट अशी, की उजेड 10 लक्सच्या वर हवा, म्हणजे सिनेमा सुरू होण्याआधी थिएटरात असतो तेवढा. 2005 ची डान्सबारबंदी आणि त्यानंतरची कोर्टबाजी पाहिलेल्या माणसाला हे ऐकून घरी आल्यासारखं वाटतं.

तरीही राग उसना आणता येत नाही, आणि आपल्याकडे तो उसना नाही. 2019 मध्ये मुंबईच्या 'स्वदेसी' गटाने आरेतले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं. त्यातला बेस लंडनच्या जवळचा, म्हणणं आरेच्या जंगलाचं. एप्रिल 2023 मध्ये राजकारणावर मराठीत रॅप करणाऱ्या दोन तरुणांवर गुन्हे दाखल झाले. विटंबना म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. ज्या गाण्याची पोलीस दखल घेतात ते परकं नसतं.

आता घरचं सांगतो. लेक चौदाची, जपानी शाळेत जाते. तिची मराठी म्हणजे स्वयंपाकघर आणि आईची बोलणी. गेल्या गणपतीत तिने इथल्या मराठी मंडळात विचारलं, मी माझं लिहिलेलं मराठी रॅप म्हणू का? समिती विचारात पडली. मग एक काकू प्रेमाने म्हणाल्या, "त्यापेक्षा लावणी कर ना, गोड दिसशील." माझ्या आजोबांनी घरात लावणी गुणगुणणाऱ्याला ओसरीवरून खाली उतरवलं असतं. दोन पिढ्यांत ती आपली झाली, बरंच झालं. लेकीने लावणीही केली नाही आणि रॅपही नाही. ती मोदकांच्या काउंटरवर उभी राहिली.

पण लिहिणं थांबलेलं नाही. शब्द कमी पडले की ती चिपळूणला माझ्या आईला व्हिडिओ कॉल लावते. परवा ऐकत होतो.

"आजी, ग्राइमला मराठीत काय म्हणतात?"

"म्हणजे काय गो?"

"मळ. काळा, चिकट."

"मळ नव्हे. कढईच्या बुडाला धरतं ना, ते किटण. घासलं तरी जात नाही."

लेकीने टेबलावर बोटांनी ठोकून पाहिलं. कि-टण, कि-टण, कि-टण. "बसतंय," ती म्हणाली, आणि आजीला विचारलं, "अजून असे कुठले?"