कास्पारोव्ह त्या डावात हरला नव्हता

दर दोन-तीन महिन्यांनी तो बुद्धिबळाचा व्हिडिओ आमच्या घरच्या ग्रुपवर उगवतोच. ‘१३ वर्षांच्या कार्लसननं जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं, वर कंटाळून मधेच उठून गेला!’ परवा काकांनी पाठवला, नातवानं शिकावं म्हणून. तर काका, एकदाचं सांगतो.

हरवलं नाही. मार्च २००४, रेक्याविक, जलद बुद्धिबळाची स्पर्धा, दोघांत दोन डाव. पहिला ५२ चालींत बरोबरीत सुटला, दुसरा कास्पारोव्हनं मारला आणि पोरगा स्पर्धेबाहेर. आदल्या दिवशी ब्लिट्झमध्ये, म्हणजे काही मिनिटांच्या अतिजलद डावात, त्यानं खरोखर हरवलं होतं ते माजी जगज्जेत्या कार्पोव्हला. ते मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

जगज्जेताही नाही. तो किताब २००० साली लंडनमध्ये क्रामनिकनं नेला होता. क्रमवारीत पहिला मात्र कास्पारोव्हच. समोरचा अजून ग्रँडमास्टरसुद्धा झालेला नव्हता. रेटिंगमधलं, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यांतलं, अंतर साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दहा डावांत खालच्याकडून एक-सव्वा गुणाचीच अपेक्षा (जिंकल्यास एक, बरोबरीला अर्धा).

उठून गेला, हे खरं. पण समोरच्याची चाल असताना शेजारचे पट बघत फिरणं यात उद्धटपणा कसला? आपल्याकडच्या स्पर्धांत निम्मे खेळाडू तेव्हा चहाच्या टपरीवर असतात.

उलट बाजूनं आणखी एक थाप फिरते, की थोरल्यानं दया दाखवून बरोबरी दिली. माझं डोकं फिरतं ते इथं. डाव मांडून बघा. ३२-३३व्या चालीला वजीर मारामारीत गेले आणि पांढऱ्याकडे, म्हणजे पोराकडे, एक प्यादं जास्त उरलं. कास्पारोव्हला आधार एकच: दोघांचे उंट विरुद्ध रंगाच्या घरांतले. अशा उंटांना एकमेकांना अडवता येत नाही, त्यामुळे जादाचं प्यादं पुढे ढकलणं महाकठीण. ते पटाच्या कडेच्या ‘ए’ पट्टीतलं प्यादं पाचव्या घरापर्यंत आलं आणि तिथंच रुतलं. पुढच्या घरावर काळ्या उंटाचा डोळा, मागून काळा हत्ती टपलेला. प्यादं टिकायचीही खात्री नाही, तेव्हा कुठं हात मिळाले.

दया करायला हातात काही शिल्लक असावं लागतं. इथं थोरला वीस चाली स्वतःचा अर्धा गुण वाचवत बसला होता.