फूड टेक म्हणजे हॉटेल मॅनेजमेंट नव्हे हो

सीईटीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. "फूड टेक (अन्नतंत्रज्ञानाचं बी.टेक.) मिळतंय, घेऊ का? स्कोप आहे का?" काल बहिणीनेच विचारलं, भाचीसाठी. म्हटलं, एकदाच सविस्तर लिहून टाकू.

मी परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयाचा. १९७६ सालचं कॉलेज, पण बी.टेक. होऊन गावी गेलो तेव्हा आजीने विचारलं, "चार वर्षं शिकून लोणचंच घालणार ना?" सगळे हसले. तशी म्हातारी चुकली नव्हती. लोणच्याला मीठ किती लागतं ते तिच्या हाताला कळायचं, आम्ही तेच आकड्यांत मांडतो.

पहिली नोकरी आंब्याच्या पल्पच्या कारखान्यात, पगार बारा हजार. ३.१ किलोचे डबे. आंब्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा कमी तितका पदार्थ आंबट), ४.६ च्या खाली असतो, म्हणून डबा उकळत्या पाण्यात शिजवून भागतं. तेच मटार असते तर रिटॉर्टमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या मोठ्या प्रेशर कुकरमध्ये, १२१ अंशांपर्यंत न्यावे लागले असते, नाहीतर बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू जिवंत राहतात. हे सगळं मला तोंडपाठ होतं.

मे महिना, पहाटेचे तीन. नमुन्याचा डबा कापून सीम, म्हणजे झाकणाचा सांधा, मायक्रोमीटरने मोजली, तर झाकणाचा आणि डब्याचा पत्रा एकमेकांत पुरेसा अडकतच नव्हता. लाइन थांबवा म्हटलं. सुपरवायझर म्हणाला, "आंबा पिकून बसलाय राव, सकाळपर्यंत सडेल. चालू द्या." मी चालू दिलं. सही केली. तपासणीसाठी उबदार खोलीत ठेवलेले डबे आठव्या दिवशी टम्म फुगले आणि आख्खी बॅच गेली. कागदावर सही माझीच होती.

म्हणून स्कोप विचारणाऱ्यांना मी आधी हे सांगतो. ही कारखान्याची डिग्री आहे. बॉयलर, हीट ट्रान्सफर, शिफ्ट, पायात गमबूट. रेसिपी शिकायला येणारी पोरं दुसऱ्याच सेमिस्टरला हिरमुसतात. मेडिकल हुकलं म्हणून आलेली तर पहिल्याच.

नोकऱ्या आहेत. डेअरी, बिस्किटं, मसाले, द्राक्षं-डाळिंबाची निर्यात, सगळीकडे क्वालिटीला माणूस लागतो. पण सुरुवातीचा पगार बघून घरचे नाराज होतात, आणि होणारच. शेजारचा कॉम्प्युटरवाला डोळ्यांसमोर असतो ना. पाच-सहा वर्षं तग धरली की गाडी रुळावर येते, निदान आमच्या बॅचची तरी आली. आर अँड डी, म्हणजे संशोधन, हवं असेल तर मात्र एम.एस्सी. किंवा एम.टेक. धरून चाला, मैसूरची अन्नसंशोधन संस्था सीएफटीआरआय किंवा मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आयसीटी मिळाली तर सोनंच. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याची सरकारी जागा आपल्यासाठीच, असं कॉलेजवाले रंगवून सांगतात. त्या जागेला डेअरी, कृषी, पशुवैद्यकीय, मायक्रोबायोलॉजीवाले, अगदी डॉक्टरसुद्धा पात्र असतात, हे कोणी सांगत नाही.

स्वतःचं काही करायचं असेल तर छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या केंद्राच्या पीएमएफएमई योजनेत ३५ टक्के अनुदान आहे, १० लाखांपर्यंत. पण माल विकता येत नसेल तर त्याचा काय उपयोग? अनुदानावर आणलेली डाळ मिल गोठ्यात पडलेली मी पाहिली आहे.

आणि कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा फ्लेक्स बघू नका. पायलट प्लांट, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सरावाचा छोटा कारखाना, दाखवा म्हणा. यंत्रांवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नसेल तर पोरीला घेऊन परत या.

एवढं सगळं भाचीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, रात्रीची शिफ्ट मुलींना देतात का? का लॅबमध्येच बसवतात?" मला उत्तर देता येईना. आमच्या कारखान्यात मुली कायम लॅबमध्येच होत्या, आणि पुढे प्लांटचे मॅनेजर झाले ते सगळे प्रोडक्शनमधले. तुमच्यापैकी कोणी प्रोडक्शनची शिफ्ट सांभाळत असेल, तर ताई, इनबॉक्समध्ये नंबर द्या. पोरीला तुमच्याशीच बोलू दे.