फाटकी जीन्स आणि जांभळे बूट

सिद्धिविनायकाच्या न्यासाने जानेवारी २०२५ मध्ये तोकड्या आणि फाटक्या कपड्यांना मनाई जाहीर केली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद विझतच नाही. परवा मामाने पुन्हा लिहिलं, "तुमच्या इंग्लंडात चर्चमध्ये कसेही जातात, म्हणून तर चर्च ओस पडली." भाची त्याच्यावर तुटून पडली, मग मामी भाचीवर, मग कुणीतरी सुप्रभातचं गुलाबाचं फूल टाकलं.

इंग्लंडातलंच सांगायचं तर नीट सांगू या. बर्मिंगहॅममधल्या बोर्नव्हिलची माझी शेजारीण क्वेकर या ख्रिस्ती पंथाची आहे, सत्तरी ओलांडलेली. तिच्या पंथात भटजी नाही, मूर्ती नाही, आरती तर नाहीच. रविवारी तासभर सगळे गप्प बसतात. कुणाला आतून वाटलं तर उठून चार वाक्यं बोलतो, की पुन्हा शांतता. शेवटी हस्तांदोलन आणि चहा. कपडे कुणी बघत नाही. ही तर चिखलाचे बूट घालूनच जाते, कारण तिथून थेट अलॉटमेंट, म्हणजे भाड्याने घेतलेला भाजीचा तुकडा, गाठायची असते.

पण सक्ती यांच्याकडेही होती. साधेपणाच्या नावाखाली करडे कपडे, बायकांना साधी टोपी. मार्गारेट फेल ही पंथाच्या सुरुवातीपासूनची बाई. बायकांनी धर्मसभेत बोलावं म्हणून तुरुंगात बसून तिने लिहिलेली पुस्तिका १६६६ मध्ये छापली गेली. १७०० साली, पंच्याऐंशीच्या पुढे, तिने कपड्यांच्या या खुळाला चक्क मूर्खपणाचा धर्म म्हणून झाडलं. कुणी ऐकलं नाही. सक्ती सुटली ती १८६० च्या सुमारास. याच पंथातली एलिझाबेथ फ्राय मात्र १७९८ मध्ये जांभळे बूट आणि लाल नाड्या घालून नॉरिचच्या सभेला गेली. त्या दिवशी अमेरिकेहून आलेल्या विल्यम सेव्हरीचं बोलणं ऐकून हेलावली आणि पुढे लंडनच्या न्यूगेट तुरुंगातल्या बायकांसाठी झटली. २०१७ पर्यंत पाच पौंडांच्या नोटेवर तीच होती. तिला बुटांवरून दारात अडवलं असतं तर?

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. पुढे फ्रायने आपणहून साधी टोपी घातली, हेही लिहिलं, प्रामाणिकपणा म्हणून. मामाने तेवढंच उचललं: "म्हणजे शेवटी टोपी घातलीच ना!"

यावर काय बोलणार. तिकडे भारतात देव आहे हे सगळ्यांनी गृहीत धरलंय, म्हणून भांडायला कपडे उरतात. शेजारणीची काळजी वेगळीच आहे. तिचा आठवडा भरगच्च: फूड बँक, तुरुंगातल्या भेटी, शांततेचा फलक धरून चौकात उभं राहणं, शिवाय समितीच्या बैठका, ज्यांत मतदान नसतं म्हणून त्या संपता संपत नाहीत. माणसांची वाण नाही. पण तिच्या सभेतल्या कितीतरी जणांचा देवावर विश्वास नाही आणि ते तसं मोकळेपणी सांगतात. २०१८ मध्ये ब्रिटनच्या क्वेकरांनी आपला आचारग्रंथ नव्याने लिहायचं ठरवलं, तेव्हा त्यात देवाला किती जागा द्यायची इथवर चर्चा गेली. ती मला म्हणाली, "मी अजून रोज प्रार्थना करते. पण आमच्याच लोकांसमोर ते बोलायला आता लाज वाटते."

मला समजावून सांगावं लागलं नाही. संकष्टीचा उपास मी ऑफिसात डाएट म्हणून खपवते.

आणि हो, मंडळाच्या गणपतीला लेक फाटकी जीन्स घालून निघाली तेव्हा मी तिला जिन्यावरून परत वर पाठवलं. ते वेगळं. दादरची मुलगी तशी देवळात गेली तरी दादरचीच राहते, फार तर वॉचमन हटकेल. आम्हाला इथे वर्षातून एक संध्याकाळ मिळते, शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये, नऊला किल्ली परत करायच्या बोलीवर. आपण कोण ते तेवढ्यात दिसावं लागतं, देवाला नव्हे, एकमेकांना.

लेकीला यातलं काही सांगितलं नाही. म्हटलं, सलवार घाल आणि चल, पार्किंग मिळणार नाही.