गिआदोतली ५६२ माणसं कुठे गेली?

माझ्या भाचीने नववीच्या इतिहास प्रकल्पात लिहिलं, 'हिटलरच्या ज्यूद्वेषाची झळ युरोपबाहेर कुणालाच लागली नाही.' कुठून आणलंस, विचारलं, तर तिने फॅमिली ग्रुपवरचा फॉरवर्ड दाखवला. तोच मेसेज मलाही दोनतीनदा आला होता, मी न वाचता सोडून दिला होता. आता सोडणार नाही.

त्यातलं सर्वांत संतापजनक वाक्य: 'उत्तर आफ्रिकेत नुसत्या कामाच्या छावण्या होत्या, तिथे कुणी मेलं नाही.'

लिबिया तेव्हा इटलीची वसाहत. १९४२ मध्ये मुसोलिनीच्या हुकमाने बेंगाझी आणि आसपासच्या ज्यूंना घरातून उचलून शेकडो मैलांवर, त्रिपोलीच्या दक्षिणेला डोंगरातल्या गिआदोच्या छावणीत डांबलं. अख्खी कुटुंबं, म्हातारेकोतारे, लहान मुलंसुद्धा. ती मुलं कुठल्या कामासाठी नेली होती, ते मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं. खायला पुरेसं नाही, दाटीवाटी, त्यात टायफसची साथ. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेची नोंद स्पष्ट आहे: सुमारे २,६०० पैकी ५६२ जण मेले. पाचातला एक! जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटिश फौजा पोचल्या, तेव्हा ही छावणी सुटली. शिवाय ब्रिटिश नागरिकत्व असलेले लिबियातले शेकडो ज्यू आधी इटलीत आणि तिथून पुढे जर्मनीतल्या बर्गन-बेल्सन या छळछावणीत पाठवले गेले, ते वेगळंच.

'ट्युनिशियात नाझी सहाच महिने होते.' बरोबर, नोव्हेंबर १९४२ ते मे १९४३. तेवढ्यात सुमारे ५,००० ज्यू पुरुष सक्तीच्या मजुरीला जुंपले गेले. तिथल्या एसएसचा, म्हणजे हिटलरच्या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा, प्रमुख होता वॉल्टर राउफ. माणसं विषारी धुराने मारणाऱ्या बंद गाड्या तयार करवून घेण्यात ज्याचा हात होता, तोच. दोस्त सैन्य मे महिन्यात ट्युनिसमध्ये शिरलं म्हणून पुढचं टळलं.

अल्जीरियाच्या ज्यूंचं फ्रेंच नागरिकत्व व्हिशी सरकारने, म्हणजे जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या सरकारने, ऑक्टोबर १९४० मध्ये काढून घेतलं, हे मेसेजमध्ये नाहीच.

'स्थानिक मुस्लिमांनी आसरा दिला' हे मात्र काही अंशी मान्य करावं लागेल. ट्युनिशियात खालेद अब्दुल वहाब यांनी आपल्या शेतावर ज्यू कुटुंबं लपवली. पण बगदादमध्ये जून १९४१ मध्ये, ज्यूंच्या शवुओत या सणातच, दोन दिवस ज्यूंची घरं लुटली गेली, शंभरावर माणसं मारली गेली. त्याला 'फरहूद' म्हणतात. तिथेही काही शेजाऱ्यांनी ज्यूंना घरात घेतलं. दोन्ही गोष्टी घडल्या, मेसेजने सोयीची तेवढी उचलली.

भाचीने ते वाक्य खोडलंय, आता ती गिआदोवरच लिहितेय. नकाशात ते गाव शोधायला आम्हाला बराच वेळ लागला, कारण आज तिथे 'जादू' असं नाव आहे.