‘कुठलाही चालेल’ हे माझं चुकलं, पण तुमचा कन्व्हर्टर खोटा नाही

नमस्कार टेपरेकॉर्डरकाका,

(‘जुना टेपरेकॉर्डर’ या नावाने लिहिता आणि निवृत्त होऊन दहा वर्षं झाल्याचंही सांगता, म्हणून काका. राग नसावा. म्हणजे आधीच आहे तेवढाच असावा.)

फोनच्या यूएसबी पोर्टमधून आवाज बाहेर कसा काढायचा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलं आहे. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुमच्या नव्या फोनला हेडफोनचं गोल भोक, म्हणजे ३.५ मिलिमीटरचा जॅक, नाही. माझ्या लेखात ‘टाइप-सी टू ३.५ कन्व्हर्टर बाजारात सहज मिळतो, कुठलाही चालेल’ असं वाचून तुम्ही १२० रुपयांचा घेतलात. तो तुमच्या फोनवर मुका, पण सुनेच्या जुन्या फोनवर खणखणीत वाजतो. मग ४५० रुपयांचा घेतलात. सकाळी नातवाने लावून दिला तेव्हा वाजला, जेवण करून तुम्ही स्वतः लावलात तर मेलेला. शेवटी वैतागून चार्जिंगची केबलच स्पीकरच्या यूएसबीत खुपसली, तरी शांतताच. निष्कर्ष: मी दुकानदारांचा माणूस, कंपन्यांनी जॅक काढला त्याचं समर्थन करतो, आणि हे सगळं तंत्रज्ञान म्हणजे ‘गिऱ्हाइकाला दोनदा लुटायचा धंदा’.

‘कुठलाही चालेल’ हे वाक्य माझंच आहे आणि ते चूक आहे. लिहिताना माझ्या हातात माझा फोन होता आणि त्याला खरोखरच कुठलाही चालतो. आपल्या घरच्या नळाला पाणी आहे म्हणून गावाला पाणी आहे असं म्हणावं, तसं झालं. मूळ लेखातलं ते वाक्य आज बदललं आहे.

पण तुमचे तिन्ही अनुभव खरे असूनही त्यात एकही वस्तू बिघडलेली नाही. तिघांची कारणं तीन वेगळी आहेत.

आधी १२० रुपयांचा. तुमचा सगळ्यात धारदार प्रश्न हाच होता: ‘पोर्टमधून डिजिटल आवाज निघतो म्हणता, मग सुनेच्या फोनवर हा फुकट्या कन्व्हर्टर कसा वाजतो?’ कारण तिच्या फोनच्या त्याच भोकातून अॅनालॉग आवाजही निघतो. (डिजिटल म्हणजे नुसते आकडे, अॅनालॉग म्हणजे हेडफोन थेट वाजवू शकेल असा तयार आवाज.) हे माझ्या लेखात यायला हवं होतं आणि आलं नाही.

टाइप-सीच्या भोकात २४ पिना असतात, १२ वर आणि १२ खाली. २०१४ साली हे मानक आलं तेव्हाच त्यात एक सोय ठेवली होती. एरवी डेटा वाहणारी जी जुनी जोडी आहे (डी प्लस आणि डी मायनस), तिच्यावरून डेटाऐवजी थेट डावा-उजवा आवाज सोडायचा, आणि एसबीयू नावाच्या दोन बाजूच्या पिनांवर माइक आणि ग्राउंड द्यायचं. मग कन्व्हर्टरच्या आत काहीच लागत नाही, नुसत्या तारा. म्हणून तो १२० रुपयांत मिळतो. आवाज तयार करायचं सगळं काम फोनच्या पोटातली चिप करते, पूर्वी जॅक असताना करायची तसंच.

प्रश्न एवढाच की समोर काय टोचलंय हे फोनला कळतं कसं? त्यासाठी सीसी नावाच्या दोन पिना आहेत. त्यांतल्या एकीवर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला की फोन समजतो, कुणीतरी यूएसबी उपकरण आलंय, आपण यजमान व्हायचं आणि त्याला ५ व्होल्ट वीज द्यायची. दोन्हींवर त्याहून बराच कमी, १.२ किलोओहमच्या आतला रोध दिसला की तो समजतो, हा नुसता हेडफोनचा तुकडा आहे, याला अॅनालॉग आवाज द्या. टेपरेकॉर्डर उघडून बसणाऱ्या माणसाला हे सांगताना मला बरं वाटतंय, कारण एवढी सगळी आधुनिकता शेवटी दोन रेझिस्टरांवर येऊन टेकते.

गोची अशी की ही अॅनालॉग सोय फोनमध्ये द्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर. ती द्यायची तर आत डेटा आणि आवाज यांच्यात सांधा बदलणारा एक स्विच बसवावा लागतो, शिवाय हेडफोनला ताकद देणारं सर्किट. काहींनी बसवलं, काहींनी पैसे वाचवले. तुमच्या नव्या फोनने दोन्ही सीसी पिनांवरचा रोध पाहिला असेलही, पण पुढे करण्यासारखं त्याच्याकडे काही नाही. म्हणून तो गप्प. ‘हा चालणार नाही’ एवढं तरी पडद्यावर लिहायला काय हरकत होती, हा तुमचा राग मात्र मला शंभर टक्के मान्य.

आणि हा गोंधळ तुमच्याच वाट्याला आलेला नाही. २०१६ च्या मोटो झेडबरोबर खोक्यात कन्व्हर्टर मिळायचा, तो गूगलच्या २०१७ च्या पिक्सेल २ मध्ये घातला तर चालायचा नाही. दोन्हीकडे भोक तेच, पिन तीच. पिक्सेलला चिपवाला कन्व्हर्टर लागत होता. सॅमसंगनेही नोट १० मध्ये (२०१९) जॅक काढला तेव्हा डिजिटलचीच वाट धरली. एका मापाचं भोक सगळ्यांना देऊन आत प्रत्येकाने आपापला संसार मांडला, तो असा.

आता ४५० रुपयांचा. हा चिपवाला आहे, एरवी तो सकाळी वाजलाच नसता. याच्या इवल्याशा डोक्यात डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारी चिप, आणि छोटा अॅम्प्लिफायर असतो. फोनच्या दृष्टीने हे एक बाहेरचं साउंड कार्डच. अँड्रॉइड ५ पासून (२०१४) अशी यूएसबी साउंड कार्डं फोन स्वतःहून ओळखतो, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही.

मग दुपारी काय झालं? मला जवळजवळ खात्री आहे की तुमच्या नातवाने सकाळी सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ओटीजी’ नावाचं बटण चालू केलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. (नातवंडं सांगत नाहीत. ‘आजोबा, झालं’ म्हणतात आणि पळतात.) काही कंपन्यांच्या फोनांत बाहेरच्या उपकरणाला वीज द्यायची परवानगी या बटणावर असते, आणि दहा मिनिटं काही जोडलेलं नसलं की ते आपोआप बंद होतं. बॅटरी वाचावी हा हेतू. तुम्ही जेवायला उठताना कन्व्हर्टर काढून ठेवलात, वरणभात होईपर्यंत बटण बंद झालं, आणि परत लावल्यावर त्या बिचाऱ्या चिपला वीजच मिळाली नाही. वीज नाही तर ती ‘मी आलेय’ हेही सांगू शकत नाही. सेटिंग्जच्या वरच्या शोधपट्टीत ‘ओटीजी’ एवढंच टाइप करा, बटण सापडेल. ते चालू करून मग कन्व्हर्टर लावा. तुमचा फोन कुठला ते तुम्ही लिहिलं आहे, त्यावरून अंदाज बांधतोय. चुकलो तर परत झापा.

हे बटण माहीत नसल्याने चांगले कन्व्हर्टर दुकानात परत जातात. पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास जी इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत, त्यांतल्या एका दुकानदाराने माझ्यासमोर एका गिऱ्हाइकाचा ‘खराब’ कन्व्हर्टर परत घेतला, स्वतःच्या फोनला लावला, गाणं वाजवलं, आणि काही न बोलता पुन्हा पाकिटात घातला. गिऱ्हाईक तोवर महागाचा घेऊन गेलं होतं. दुकानदाराने सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. तुमचा ‘धंदा’ हा शब्द मला तिथे पटतो.

तिसरं, स्पीकरच्या यूएसबीत खुपसलेली केबल. इथे चूक तुमची नाही, भोकाची आहे. ते भोक पेनड्राइव्हसाठी आहे. पेनड्राइव्ह म्हणजे फायलींचं गाठोडं. स्पीकर यजमान असतो, गाठोडं सोडतो, एमपी३ दिसली की वाजवतो. फोन लावला की फोन म्हणतो, मला चार्ज करताय ना, करा. फार तर ‘फायली पाठवू का’ असं विचारतो, पण तेही पेनड्राइव्हच्या भाषेत नाही, त्यामुळे साध्या स्पीकरला कळत नाही. आवाज हा विषयच कुणी काढत नाही. म्हणजे यजमान आणि पाहुणा दारात समोरासमोर उभे, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. मागे अँड्रॉइड ४.१ च्या काळात फोनने अशा पोर्टवरून थेट आवाज सोडायची एक सोय गूगलने आणली होती, पण अँड्रॉइड ८ मध्ये तिला निरोप देण्यात आला. तेव्हा स्पीकरला ‘ऑक्स’ असं लिहिलेलं गोल भोक असेल तर कन्व्हर्टर आणि दोन्हीकडे ३.५ ची पिन असलेली केबल, हाच रस्ता. ब्लूटूथ आहेच, पण तुम्ही ते ‘हवेतलं’ म्हणून आधीच निकालात काढलं आहे.

घरात पडलेला कन्व्हर्टर कुठल्या जातीचा, हे ओळखायची एक बिनखर्चाची युक्ती सांगतो. मूळ लेखात घालायला हवी होती. कन्व्हर्टर लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टला लावा आणि खालच्या पट्टीतल्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आवाज कुठून काढायचा त्याची यादी उघडा. नवीन नाव आलं तर आत चिप आहे. काहीच आलं नाही तर नुसत्या तारा. तुमचा १२० चा दिसणार नाही, ४५० चा दिसेल. लॅपटॉपला फक्त जुनं चपटं यूएसबी असेल तर टाइप-सी आत जाईल असा छोटा जोड मिळतो, तो लावूनही हे जमतं. दुकानात लॅपटॉप नसतो म्हणून तिथे सोपा नियम: आपला फोन न्यायचा, ओटीजी चालू करायचं, लावून ऐकायचं, मग पैसे. शंका असेल तर चिपवालाच घ्यावा, कारण अॅनालॉग देणारे फोनही बहुतेक वेळा डिजिटल ओळखतात. उलटं होत नाही.

‘वाजला तेव्हाही आवाज पेंगत होता’ हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. ते मीही भोगलंय. एका मोठ्या कंपनीचा कन्व्हर्टर मी कौतुकाने आणला, लॅपटॉपवर सुरेख वाजला आणि अँड्रॉइड फोनवर जणू रजई पांघरून गायला. कारण आवाज कमीजास्त करायच्या दोन चाव्या असतात, एक फोनची आणि एक कन्व्हर्टरच्या चिपमधली. काही फोन दुसरीला हातच लावत नाहीत, आणि ती जिथे अर्धवट उभी असेल तिथेच राहते. गाणी वाजवणारी काही अॅप्स ती थेट फिरवू शकतात. पण तुम्ही अॅम्प्लिफायरला जोडणार असाल तर काळजी नको, फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवायचा आणि कमीजास्त अॅम्प्लिफायरवर करायचं. उलटं केलंत तर गाण्याआधी खरखर मोठी होईल.

चार्जिंग लावून ऐकताना ‘हूंऽऽ’ असा घरघराट आला तर घाबरू नका, तो चार्जर आणि अॅम्प्लिफायर यांच्या ग्राउंडचा खेळ असतो. चार्जर काढा, बहुतेक वेळा जातो.

राहिला जॅक काढल्याच्या समर्थनाचा आरोप. माझ्या लेखात ‘जॅक गेला, आता मार्ग काढू’ असं होतं, त्याला तुम्ही समर्थन म्हणत असाल तर पावसात छत्री उघडणाऱ्यालाही पावसाचा माणूस म्हणावं लागेल. माझं मत विचाराल तर जॅक काढायला नको होता. आयफोन ७ च्या नावाने सगळे बोटं मोडतात, पण त्याच्या काही महिने आधी, एप्रिल २०१६ मध्ये, लेईको या चिनी कंपनीने बिनजॅकचे फोन आणले होते, आणि ते आपल्याकडेही विकले गेले. जाडी, पाणी, जागा अशी कारणं दिली गेली. मला त्यातलं जागेचं थोडंफार पटतं, बाकीची नाहीत, कारण जॅक असूनही पाण्याला दाद न देणारे फोन त्याआधीच निघाले होते. १९७९ च्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून. तिथून एकावर आलो आणि मग शून्यावर.

आणि दुकानदारांचा माणूस? माझ्या त्या लेखात एकाही विक्रीच्या पानाची लिंक नाही, कधी नव्हती. १२० चा कन्व्हर्टर फेकू नका, सुनेला द्या, तिच्या फोनला तो लागेल.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही शेवटी लिहिलंय की हे सगळं तुम्हाला ‘घरच्या जुन्या डेकवर अभंग ऐकायला’ हवं आहे. त्या डेकच्या मागे काय आहे ते बघून सांगा. लाल-पांढरी दोन भोकं असतील तर ३.५ टू आरसीए केबल घ्या, फक्त ‘फोनो’ लिहिलेल्या जोडीत लावू नका, ती रेकॉर्ड प्लेअरची, तिथे आवाज फाटेल. पाच पिनांचं गोल भोक असेल तर ते डिन सॉकेट. त्याची तयार केबल हल्ली पटकन मिळत नाही, पण तुमच्याकडे सोल्डरिंग आयर्न असणारच. मॉडेल कळवा, कुठल्या पिनेला डावा आणि कुठल्या पिनेला उजवा ते शोधून देतो.