'पहिल्या घराला 2 लाख 67 हजार': त्या मेसेजमधलं काय खरं, काय नाही

गेल्या महिन्यात भाचा आणि त्याची बायको, आमची सूनबाई, बदलापूरच्या एका फ्लॅटचा हिशेब घेऊन आले. बिल्डरच्या ऑफिसात मिळालेला छापील कागद होता. किंमत 37 लाख, मग मुद्रांक शुल्क, नोंदणी, आणि सगळ्यात खाली लाल पेनाने गोल केलेली ओळ: 'आवास योजना अनुदान, वजा 2,67,000'. त्या एका ओळीच्या भरवशावर दोघं टोकन द्यायला निघाले होते. "मामा, हे बघा ना, सगळ्या ग्रुपवर हेच आलंय," म्हणत भाच्याने मोबाइल पुढे केला.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. मजकूर साधारण असा: "पहिलं घर घेणाऱ्या प्रत्येकाला सरकारकडून 2.67 लाख. उत्पन्न 18 लाखांपर्यंत चालतं. बायकोचं नाव घाला, स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट. साडेतीन लाखांचं व्याज करमुक्त. म्हाडाचा नंबरही लावून देतो. फॉर्मचे फक्त 2,500." सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी 22 वर्षं काढली. यातल्या बहुतेक वाक्यांना कधीकाळचा किंवा अर्धामुर्धा आधार आहे, म्हणूनच शिकलेली माणसंही त्यावर विश्वास ठेवतात.

"प्रत्येकाला 2.67 लाख, उत्पन्न 18 लाखांपर्यंत." हे दोन आकडे एकाच कुटुंबाला कधीच लागू नव्हते. 2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत 2.67 लाखांपर्यंतची व्याजसवलत होती ती वार्षिक 6 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना. 12 ते 18 लाखवाल्यांचा गट वेगळा आणि रक्कमही कमी. मध्यम उत्पन्न गटांसाठीची ती सवलत 31 मार्च 2021 ला संपली, उरलेल्यांची 31 मार्च 2022 ला. म्हणजे बिल्डर आजही बंद पडलेल्या योजनेचा आकडा छापतोय.

आज आहे ती शहरी आवास योजना 2.0, 1 सप्टेंबर 2024 पासूनची. तिच्या व्याज अनुदानासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 9 लाखांच्या आत हवं, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत, चटई क्षेत्र 120 चौरस मीटरपर्यंत. कर्ज त्या तारखेला किंवा नंतर मंजूर होऊन उचललेलं असावं. अनुदान मिळतं ते पहिल्या 8 लाखांवर, 4 टक्के दराने, 12 वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी, आणि जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. पूर्ण कर्जाचा व्याजदर 4 टक्क्यांनी उतरतो हा समज चुकीचा आहे.

दोघांचं मिळून उत्पन्न 7 लाख 80 हजार, ते बसतं. फ्लॅट 37 लाखांचा, तो बसत नाही. त्या लाल गोलातला खरा आकडा शून्य. सूनबाई बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग हे अडीच लाख आणायचे कुठून?"

तिचा हा प्रश्न मला मेसेजमधल्या सगळ्या चुकांपेक्षा मोठा वाटतो. कारण अनुदान मंजूर झालं तरी ते हातात पडत नाही. कर्जखात्यात जमा होतं, तेही 5 वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला फार तर 36 हजार. हप्ता जमा होताना कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. सुरुवातीच्या भरण्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने 30 लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत आणि त्यावर 75 लाखांपर्यंत 80 टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. एवढ्या महाग घराला कर्ज देताना मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च घराच्या किमतीत धरतच नाहीत. 37 लाखांचे 90 टक्के 30 लाखांच्या वर जातात आणि 80 टक्के 30 लाखांच्या आतच राहतात, म्हणून कर्ज 30 लाखांवर थांबतं. म्हणजे किमान 7 लाख पदरचे, वर सरकारी शुल्क वेगळं.

उलट बाजूची एक चूकही होते. गावी वडिलांच्या नावावर पक्कं घर आहे म्हणून जोडपी अर्जच करत नाहीत. योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. वडिलांचं घर विवाहित मुलाच्या आड येत नाही. ते त्याच्या नावावर झालं असेल तर मात्र येतं.

"बायकोचं नाव घाला, 1 टक्का सूट." नाव घालून भागत नाही. 1 एप्रिल 2021 पासूनची ही सवलत खरेदीदार फक्त महिला असेल तरच मिळते. नवऱ्याचं नाव जोडलं की गेली. 37 लाखांवर 37 हजारांचा फरक आहे. घर एकटीच्या नावावर घेतलं तर मालक नसलेल्या नवऱ्याला व्याजाची करवजावट मिळत नाही, हेही आधी मांडून बघा. आवास योजनेला पती-पत्नीचं संयुक्त नाव चालतं, त्यामुळे लोक दोन नियमांची सरमिसळ करतात.

"साडेतीन लाखांचं व्याज करमुक्त." त्यातली दीड लाखांची जादा वजावट 31 मार्च 2022 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. उरलेली 2 लाखांची जुन्या करप्रणालीत मिळते. नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराला तीही नाही.

"म्हाडाचा नंबर लावून देतो." सोडत संगणकावर निघते, अर्ज आपल्याच नावाने ऑनलाइन भरायचा, आणि म्हाडाने कुणी दलाल नेमलेला नाही. घर नाही लागलं तर अनामत परत येते, दलालाच्या हातात दिलेले पैसे येत नाहीत. विरार-बोळींजची सोडतीत न खपलेली घरं म्हाडाच्याच कोकण मंडळाने 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' म्हणून दिली होती. तिथे नंबर लावायचा प्रश्नच नव्हता.

टोकनबद्दल एवढंच सांगितलं, की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, आणि प्रकल्पाचा रेरा क्रमांक, म्हणजे बांधकाम नियामकाकडचा नोंदणी क्रमांक, आधी तपासा.

टोकन त्यांनी दिलं नाही. आता बदलापुरातच 33 लाखांचा फ्लॅट बघतायत. सूनबाईने त्याच कागदाच्या पाठीवर नवा हिशेब मांडलाय. 'वजा अनुदान' ही ओळ किमतीखालून गेली आहे, आणि कर्जाच्या हप्त्यांशेजारी तिने पेन्सिलीने 5 वर्षं लिहून प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह घातलंय.