राजधानी हलवा म्हणे!

जुलै उजाडला, मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबलं, की आमच्या लोकलच्या डब्यात कुणीतरी सुरू होतोच: "राजधानी हलवा हो इथून, या शहराचं काही खरं नाही!" अरे बाबा, मंत्रालय उचलून नेलंत म्हणून मिठी नदी काय घाट चढून मागोमाग येणार आहे? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तो काय सरकारचा पत्ता विचारून? भरती असली की नाल्यातलं पाणी समुद्र घेत नाही, दुखणं ते आहे. फायली जातील कोरड्या जागी. आम्ही आहोतच कुर्ल्याला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात, डब्याची पिशवी छातीशी धरून.

बरं, न्यायची कुठे? तर नागपूर. १९५६ पर्यंत ते मध्य प्रदेशाची राजधानी होतंच की! आता हिवाळी अधिवेशनाला अख्खं सरकार तिकडे जातं, तर्रीपोहे खातं नि परत येतं.

आज गाडी शीवला पाऊण तास ठप्प, आणि एक काका दारात उभे राहून नवी राजधानी आखतायत. काका, राजधानी राहू द्या, आधी तुम्ही दारातून हला. वारा येऊ दे जरा.